महाड, २० मार्च १९२७ : हल्ल्यातील भूमिका
ज्यूंच्या संहाराचे अभ्यासक राउल हिलबर्ग यांनी माणसांचे तीन गट मांडले : मारणारे, बळी गेलेले, बघणारे. महाडचा हल्ला हा नरसंहार नव्हे. तरी तिथली माणसे या तीन गटांत मावत नाहीत. चवदार तळ्याचे पाणी पिऊन अस्पृश्य मंडळी मांडवात परतली. ती वीरेश्वराच्या देवळात शिरणार, अशी अफवा उठली आणि जमावाने जेवणाऱ्यांवर लाठ्या चालवल्या. काही मुसलमान घरांनी आसरा दिला. डॉ. आंबेडकरांनी संतापलेल्या अनुयायांना आवरले. पुढे पाच जणांना चार महिन्यांची शिक्षा झाली. कोर्ट काठी उगारणारा हात शोधते. अफवा, मौन आणि उघडलेले दार यांचा हिशेब इतिहासानेच मांडायचा.