उज्जैनचा जिना आणि ध्रुवाची चाल

लग्नात नवरीला ध्रुव दाखवण्याची चाल आपल्याकडे जुनी आहे. बेळगावात तो दाखवायचा तर भटजींना समोरच्या घराच्या कौलांवरून डोकावावे लागते. ग्वाल्हेरीत तोच तारा बराच वर सापडतो. गावाचे अक्षांश जितके, जवळजवळ तितक्याच अंशांवर ध्रुव. बेळगाव सुमारे १६, उज्जैन २३, ग्वाल्हेर २६. हात लांब करून धरलेली मूठ साधारण १० अंशांची. तेव्हा बेळगावकराने क्षितिजापासून दीड मूठ मोजावी, ग्वाल्हेरकराने अडीचहून थोडी अधिक.

दिवाळीत एक अडचण असते. सप्तर्षी तेव्हा संध्याकाळी क्षितिजाखाली असतात. अशा वेळी शर्मिष्ठेचा आधार घ्यावा. रात्री दहा-अकराच्या सुमारास उत्तरेला उंचावर तिचे पाच तारे इंग्रजी 'एम'सारखे दिसतात. तेथून तीन मुठी खाली उतरले की जो एकटा, बेताच्या तेजाचा तारा भेटतो, तो ध्रुव.

हाच हिशेब उज्जैनला चुनेगच्चीत बांधून ठेवलेला आहे. जयपूरचे सवाई जयसिंह मोगलांचे माळव्याचे सुभेदार होते. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात त्यांनी क्षिप्रेकाठी वेधशाळा उभारली. पितळी यंत्रे लहान पडतात, त्यांचे आस झिजतात, असा त्यांचा अनुभव. म्हणून त्यांनी यंत्रेच इमारतीएवढी केली. तेथले सम्राट यंत्र म्हणजे सुमारे २२ फूट उंचीची त्रिकोणी भिंत आणि तिच्यावर चढणारा जिना. भिंतीची उतरती कड क्षितिजाशी २३ अंश १० कलांचा, म्हणजे उज्जैनच्या अक्षांशांएवढाच, कोन करते आणि थेट आकाशाच्या उत्तर ध्रुवबिंदूकडे रोखलेली आहे. दिवसा तिची सावली बाजूच्या कमानींवर वेळ दाखवते.

जयसिंहांचा पुण्याशी घरोबा होता. १७३५ मध्ये बाजीरावांच्या मातोश्री राधाबाई उत्तरेच्या यात्रेला गेल्या, तेव्हा त्यांचे आदरातिथ्य त्यांनीच केले. पुढे माळवा पेशव्यांकडे आणि उज्जैन शिंद्यांकडे आले. पण १८१० च्या सुमारास दौलतरावांनी राजधानी ग्वाल्हेरला नेली आणि वेधशाळा मोडकळीस आली. आपल्याच राज्यात शंभराहून अधिक वर्षे ती तशीच राहिली, हे आपण फारसे सांगत नाही. १९२३ मध्ये माधवराव शिंद्यांनी तिचा जीर्णोद्धार केला. गोविंद सदाशिव आपटे हे गणिती तिचे अधीक्षक होते. भिंत ढासळली तरी गावाचे अक्षांश बदलत नाहीत, त्यामुळे जुना कोन पुन्हा साधता आला.

बदलला तो ध्रुव. जयसिंहांच्या काळी तो तारा खऱ्या ध्रुवबिंदूपासून दोन अंशांहून थोडा दूर होता. रोज तो आठ पूर्णचंद्र ओळीने मावतील एवढ्या रुंदीचे वर्तुळ फिरत असे. आज ते अंतर पाऊण अंशाहून कमी आहे आणि वर्तुळ अडीच चंद्रांएवढे उरले आहे. पृथ्वीचा आस भोवऱ्यासारखा सुमारे २६,००० वर्षांत एक फेरा घेतो, त्याचा हा परिणाम. सुमारे पाच हजार वर्षांपूर्वी ध्रुवाच्या जागी कालेय तारकासमूहातला एक मंद तारा होता. सध्याचा तारा २१०० च्या आसपास ध्रुवबिंदूच्या सर्वांत जवळ, अर्ध्या अंशाच्या आत येईल आणि मग दूर सरू लागेल. उज्जैनच्या जिन्याची कड मात्र तेव्हाही त्याच बिंदूकडे रोखलेली असेल, फक्त तिची डागडुजी होत राहिली पाहिजे.