सीमेवरील शाळा आणि समाजशास्त्राची कसोटी

यार्देनेच्या उतारावर गिलादी पहारेकऱ्यांनी पळून येणाऱ्या एफ्राइमी माणसांकडून एकच शब्द म्हणवून घेतला, आणि एका अक्षराच्या उच्चारावरून जीवनमरणाचा निर्णय झाला. शास्ते पुस्तकाच्या १२ व्या अध्यायातील हा प्रसंग वाचकांच्या परिचयाचा आहे. शाळेच्या परीक्षेत रक्त सांडत नाही हे खरे. परंतु सीमाभागात पुष्कळदा तिचे स्वरूप असेच उच्चाराच्या कसोटीचे असते. बीदर व कलबुर्गी (पूर्वीचा गुलबर्गा) या जिल्ह्यांत ही कसोटी कितीदा बदलली आणि प्रत्येक वेळी उतारावर कोण अडले, हे आम्ही येथे पाहणार आहोत. या कामी समाजशास्त्रातील उपपत्तींचा कितपत उपयोग होतो, हाही विचार त्याबरोबरच करावयाचा आहे.

१. बदलत्या राजभाषांचा प्रदेश

बीदरच्या किल्ल्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर महमूद गावानाचा मदरसा उभा आहे. इराणातील गिलान प्रांतातून आलेल्या या बहामनी वजिराने तो १४७२ साली बांधविला. तीन मजले, मोठा ग्रंथसंग्रह आणि दूरदेशीचे पंडित यांमुळे त्याची ख्याती झाली. परंतु तेथील विद्या अरबी-फारसी होती. त्यापूर्वी तीन शतके याच मुलखात, कल्याण नगरीत, बसवेश्वर आणि शरणांनी लोकांच्या कन्नडमध्ये वचने रचली होती. भालकी, औराद, बसवकल्याण, आळंद या बाजूच्या अनेक घरांत मराठी बोलली जात होती. घरची भाषा एक आणि मानाच्या विद्येची भाषा दुसरी, ही स्थिती येथे जुनी आहे.

निजामाच्या राज्यात प्रथम फारसी व पुढे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस उर्दू ही कारभाराची भाषा झाली. १९१८ साली उस्मानिया विद्यापीठ निघाले व उच्च शिक्षण उर्दूतून सुरू झाले. भारतीय भाषेतून विज्ञान आणि वैद्यक शिकविण्याचे ते धाडस होते, हे न्यायबुद्धीने मान्य केले पाहिजे. मात्र मराठी, कन्नड किंवा तेलुगू बोलणाऱ्या मुलाला तीही परकीच भाषा होती. सप्टेंबर १९४८ मध्ये संस्थान भारतात विलीन झाले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी जुन्या बीदर जिल्ह्याचे तीन तुकडे पडले: उदगीर, निलंगा, अहमदपूर मुंबई राज्यात गेले, जहीराबाद व नारायणखेड आंध्रात गेले, आणि बीदर, भालकी, औराद, हुमनाबाद म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात राहिले. ज्या कुटुंबाने कष्टाने उर्दू मिळविली होती, तिचे मोल एका पिढीच्या आतच उतरले.

२. दोन उपपत्ती

शिक्षण वरच्या वर्गाला द्यावे, ते आपोआप खाली झिरपेल, असे एकोणिसाव्या शतकातील इंग्रज राज्यकर्त्यांपैकी पुष्कळांचे मत होते. महात्मा जोतीराव फुले यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात या मताचा समाचार घेतला. सरकारी उत्पन्न मुख्यतः रयतेच्या श्रमातून येते, पण शिक्षणाचा लाभ वरचे वर्गच घेतात, असे त्यांनी दाखवून दिले आणि प्राथमिक शाळांचे शिक्षक शेतकरी वर्गातून तयार करावेत, अशी मागणी केली. शिक्षण कोणाच्या पैशाने चालते आणि कोणाच्या पदरात पडते, हा समाजशास्त्राचाच प्रश्न आहे.

सुमारे नव्वद वर्षांनी, १९७० साली, फ्रान्समध्ये पिअर बोर्द्यू आणि पासेराँ यांनी अशीच शंका वेगळ्या परिभाषेत मांडली. त्यांच्या मते शाळा सर्वांना समान वागविते असे दिसते. परंतु ती ज्या भाषेची, वळणाची व आवडीनिवडीची परीक्षा घेते, त्या गोष्टी काही मुलांना घरीच वारशाने मिळालेल्या असतात. या वारशाला त्यांनी सांस्कृतिक भांडवल म्हटले. वारसा नसलेले मूल नापास झाले की त्याला बुद्धी नाही असे म्हटले जाते, आणि ते स्वतःही तसेच मानू लागते. बोर्द्यू स्वतः स्पेनच्या सरहद्दीजवळच्या बेआर्न प्रांतातील खेड्यात वाढले होते. तेथील लोकांची बोली पॅरिसच्या फ्रेंचहून निराळी होती.

३. उपपत्ती येथे कितपत लागू पडते?

उपपत्ती उसनी आणावी आणि गावावर चिकटवावी, हा संशोधनातील मोठा दोष होय. फ्रान्समध्ये शाळेची भाषा दीर्घकाळ एकच राहिली. आमच्या भागात ती वारंवार बदलली. भाषा हेच भांडवल असते, तर प्रत्येक बदलाबरोबर पुढची घरे मागे व मागची पुढे आली पाहिजे होती. उलट, ज्या घरात लिहिण्यावाचण्याची सवय, मुलाला शेतावरून मोकळे ठेवण्याची ऐपत आणि कचेरीची ओळख होती, त्या घराने फारसीवरून उर्दू, उर्दूवरून कन्नड किंवा मराठी व पुढे इंग्रजी अशी वाट बदलली असावी. ज्या मजुराच्या घरी यांपैकी काहीच नव्हते, त्याला कोणत्याच बदलाने हात दिला नसावा. हे आमचे अनुमान आहे. सिद्धांत म्हणून कोणी ते उचलू नये.

परंतु ते तपासण्याची संधी याच भूमीत आहे. उदगीर आणि भालकी या शेजारच्या तालुक्यांचा १९५६ पर्यंतचा भूतकाळ एकच. नंतर एकीकडे मराठी ही राज्यभाषा आणि दुसरीकडे अल्पसंख्याकांची भाषा. संविधानाच्या ३५०-अ कलमाने प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय सांगितली, ती त्याच वर्षी. मराठी शाळेतून निघालेले मूल पुढे कन्नड कचेरीत गेले की काय घडते, हे दोन्ही बाजूंची तुलना केल्यावाचून कळणार नाही.

आणखी एक सावधगिरी. २०११ च्या जनगणनेत कर्नाटकाची साक्षरता ७५.३६ टक्के, बीदरची ७०.५१ आणि कलबुर्गीची ६४.८५ होती. निजामी अमदानीमुळे हा भाग मागे राहिला, असे सरसकट सांगितले जाते. ते अंशतः खरे असेल. पण दोन्ही जिल्हे त्याच अमदानीत होते, मग त्यांच्यातील अंतराचे कारण काय? जी उपपत्ती सर्वच गोष्टींचा उलगडा करते, ती अशा प्रश्नापुढे थांबते.

४. आपली दप्तरे

या भागात मेथडिस्ट मिशनने खेडोपाडी शाळा चालविल्या. तेथे आलेली पुष्कळ मुले अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातींची होती. त्या शाळांविषयी आपण कृतज्ञतेने बोलतो, आणि ते योग्यच आहे. परंतु कृतज्ञता म्हणजे अभ्यास नव्हे. मेथडिस्ट मिशनरी पिकेट यांनी १९३३ साली सामुदायिक धर्मांतरावरील आपला ग्रंथ प्रसिद्ध केला, तेव्हा त्यांनी निरनिराळ्या प्रांतांतील साध्या कुटुंबांना प्रत्यक्ष विचारून उत्तरे नोंदविली होती. गैरसोयीची उत्तरे ऐकून घेण्याची तयारी, हे त्या पद्धतीचे बळ होय.

तीच तयारी आज आपल्या पाळकांनी व उपदेशकांनी ठेवावी. बाप्तिस्म्याच्या व विवाहाच्या नोंदवह्यांत नाव, गाव आणि पुष्कळदा धंदा लिहिलेला सापडतो. शाळेच्या पटावर मुलाने केव्हा शाळा सोडली ते दिसते. या दोन वह्या शेजारी ठेवल्या, तर एका कुटुंबाच्या तीन पिढ्या डोळ्यांपुढे येतात. किती मुली चौथीनंतर घरी बसल्या? शिक्षकाचा मुलगा शिक्षक झाला, तेव्हा गड्याचा मुलगा काय झाला? आपल्या शाळांनी नवी घरे वर आणली, की जी थोडी वर आली होती तीच पुन्हा वर नेली? उत्तर आपल्याला सुखावणारे नसेल, तरी ते लिहून ठेवले पाहिजे.

या वह्यांना वाळवी लागत आहे, आणि उर्दू शाळेत शिकलेले वृद्ध थोडेच उरले आहेत. त्यांच्याजवळ बसून कोणत्या शब्दावर आपण अडलो, हे त्यांच्याच तोंडून ऐकून घेणे हे संशोधनाचे पहिले पाऊल ठरेल. उतारावर उभ्या असलेल्या मुलाचा उच्चार तपासण्यापूर्वी, तो कोणत्या घरातून आला हे पाहण्याची सवय त्यातूनच आपल्याला लागेल.