पाटी आणि पेटी

दसरा झाला की खरेदीला जोर येतो. पूर्वी या दिवसांत मध्यमवर्गीय घरात यावयाचे ते चार सोन्याचे मणी, एखादे पितळी पातेले, फार तर शिवणाचे यंत्र. पुढे रेडिओ आला, दूरचित्रवाणी आली. अलीकडे या यादीच्या तळाशी एक नवीच ओळ दिसू लागली आहे आणि तिच्यापुढे हटकून प्रश्नचिन्ह असते : मुलांसाठी स्वस्तातला लॅपटॉप घ्यावा, की टॅब्लेट? बोनसची रक्कम हाती असते, पण ती दोन्ही घेण्याइतकी नसते. आणि घरात वापरणारे चौघे असतात. एकदा चुकीची वस्तू घेतली, तर पुढली तीन-चार वर्षे ती चुकीचीच राहावयाची. शाळेत शिकवणाऱ्या माणसाला सुटी लागण्यापूर्वी पालक हा प्रश्न विचारल्यावाचून राहत नाहीत. दुकानदार काय सांगेल ते मला ठाऊक नाही असे नाही. पण त्याच्या सांगण्यापेक्षा या दोन वस्तूंचा इतिहासच अधिक सांगून जातो असे माझे मत आहे. तो इतिहास आता अर्ध्या शतकाहून जुना झाला आहे, आणि त्यात आपल्या रायगड जिल्ह्यातल्या एका चिमुकल्या शाळेचेही नाव येते.

आधी नावांचे पाहू. टॅब्लेट म्हणजे मुळात पाटीच. रोमन मुले मेण लावलेल्या लाकडी पाटीवर अणकुचीदार लेखणीने अक्षरे कोरीत, आणि लेखणीचे दुसरे चपटे टोक फिरवून ती पुसून टाकीत. आपल्याकडे धूळपाटी होती. ‘धुळाक्षरे गिरवणे’ हा शब्दप्रयोग तिचाच. लॅपटॉप ही मांडीवर उघडावयाची पेटी. पेढीवरचा मुनीम ज्या उतरत्या झाकणाच्या पेटीवर वही ठेवून कीर्द लिहीत असे, तिची ही दूरची भाची म्हणावयास हरकत नाही. पाटी शिकणाऱ्याची आणि पेटी लिहिणाऱ्याची, ही वाटणी इतकी जुनी आहे. यापुढे मीही पाटी आणि पेटी असेच म्हणेन.

गंमत अशी की, ज्याच्या डोक्यातून या दोन्ही निघाल्या त्याने त्या निरनिराळ्या मानल्याच नव्हत्या. १९६८ साली ॲलन के हा अमेरिकेतील यूटा विद्यापीठाचा संशोधक विद्यार्थी, सेमूर पॅपर्ट या गणितज्ञाचे काम पाहावयास गेला. तेथे लहान मुले गणकयंत्राला स्वतः आज्ञा लिहून देत होती. त्या काळची यंत्रे खोलीएवढी. पण के परतला तो मनात एक वेगळेच चित्र घेऊन. मुलाला काखोटीस मारून नेता येईल असे, वहीएवढे गणकयंत्र! त्याने पुठ्ठ्याचा एक नमुना केला आणि त्यात शिशाच्या गोळ्या भरून पाहिल्या : किती वजन हाताला सोसवते? दोन पौंडांच्या आत, असे त्याला आढळले. १९७२ साली त्याने या कल्पनेवर निबंध लिहिला, तिला ‘डायनाबुक’ असे नाव दिले आणि किंमत धरली पाचशे डॉलर. चित्रात खाली कळफलक आणि वर पडदा, दोन्ही एकाच पातळ फळीवर. शिवाय त्याने असेही सुचवून ठेवले की, सगळा पृष्ठभागच पडदा केला तर हवा तो कळफलक हवा तेथे उमटवता येईल. म्हणजे पाटीही तीच आणि पेटीही तीच. त्याचा कटाक्ष होता तो दुसऱ्याच गोष्टीवर. मुलाने या यंत्रावर नुसते वाचू-पाहू नये, त्याने त्यावर काहीतरी करावे. चित्र काढावे, गाणे रचावे, खेळ स्वतः बनवावा.

ते यंत्र त्या वेळी बनणे शक्य नव्हते. बनू लागले तेव्हा त्याचे दोन तुकडे झाले. १९८१ चा ‘ऑस्बर्न’ हा हाताशी मूठ असलेला, साडेचोवीस पौंडांचा डबा होता. त्याला वाहून नेता येण्याजोगा म्हणत, पण वाहणाऱ्याचा खांदा काय म्हणत असेल ते निराळे. पुढल्याच वर्षी, १९८२ साली, ‘ग्रिड’ नावाच्या अमेरिकन कंपनीने ‘कंपास’ हे यंत्र काढले. बिल मॉग्रिज या इंग्रज आरेखकाने त्याचा पडदा शिंपल्यासारखा कळफलकावर मिटवला. आजची प्रत्येक पेटी मिटते ती त्याच रीतीने. किंमत आठ हजार डॉलरांहून अधिक. ती घेतली सैन्याने, सरकारी खात्यांनी. अंतराळयानांतूनही ती फिरून आली. आणि त्याच कंपनीने १९८९ साली ‘ग्रिडपॅड’ ही पाटी काढली. तिला कळफलक नव्हता, लेखणी होती. ती कोणासाठी? फिरून नोंदी घेणाऱ्यांसाठी. गोदामातील माल मोजणारे, जागेवर जाऊन नमुने भरणारे कर्मचारी यांच्यासाठी. एकाच कारखान्यातून निघालेल्या या दोन वस्तूंचे गिऱ्हाईक पाहा! जो मजकूर तयार करतो त्याला पेटी. जो दुसऱ्याने आखलेल्या चौकटीत खुणा करतो त्याला पाटी. या विषयाचे मर्म मला येथेच सापडते. पुढच्या पस्तीस वर्षांत पडदे चकचकीत झाले, किमती उतरल्या, पण ही वाटणी फारशी बदलली नाही.

मधल्या काळातील पाट्यांची हकीकत थोडक्यात उरकतो. १९९३ चा ‘न्यूटन’ हस्ताक्षर ओळखताना इतका घोटाळा करी की त्याची टिंगलच अधिक झाली. २००१ साली बिल गेट्स यांनी भाकीत केले की पाच वर्षांत अमेरिकेत सर्वाधिक खपणारी संगणकाची जात पाटीची असेल. पाच वर्षे गेली. तसे काही झाले नाही.

खरी झुंबड उडाली ती ‘स्वस्त’ हा शब्द उच्चारला गेल्यावर. जानेवारी २००५ मध्ये दावोस येथे निकोलस नेग्रोपॉन्टी यांनी जगातील गरीब मुलांसाठी शंभर डॉलरांच्या पेटीची घोषणा केली. प्रत्यक्षात २००७ च्या अखेरीस ती तयार झाली तेव्हा किंमत पावणेदोनशेच्या पुढे गेली होती. तरी ती वस्तू मोठी विचारपूर्वक केलेली होती. हिरव्या रबरी कळा, उन्हात वाचता येणारा पडदा, आणि पडदा गर्रकन फिरवून पाठीशी टेकवला की पेटीची पाटी होई. के याच्या पुठ्ठ्याच्या नमुन्याशी इतके जवळचे नाते त्यापूर्वी कोणी जोडले नव्हते. भारत सरकारने २००६ साली ही योजना नाकारली होती. तथापि, २००७ साली कर्जत तालुक्यातील खैराट येथे तिचा एक छोटा प्रयोग झालाच. एका शिक्षकावर चालणारी, पहिली ते चौथीची शाळा. तेथील मुलांच्या हाती ही हिरवी यंत्रे आली. खेड्यातील मूल असल्या वस्तूला बिचकेल ही शहरी समजूत तेथे टिकली नाही. पण वीस-बावीस मुलांच्या मागे एक शिक्षक सतत उभा असणे ही एक गोष्ट, आणि लाखो मुलांना यंत्रे वाटून मोकळे होणे ही दुसरी. पेरू देशाने आठ लाखांवर यंत्रे घेतली. तेथील ३१९ ग्रामीण शाळांची पाहणी २०१२ मध्ये प्रसिद्ध झाली : गणितात आणि भाषेत मुले पुढे गेल्याचे दिसले नाही. यंत्र आले होते, त्यावर काय करावयाचे ते शिकवणारा आला नव्हता.

या शंभर डॉलरांच्या गलबल्यातूनच बाजारात छोट्या पेट्यांची लाट आली. २००७ च्या ऑक्टोबरात तैवानच्या असुस कंपनीने सात इंची पडद्याची ‘ई पीसी’ काढली आणि दोन वर्षांत प्रत्येक कंपनीची अशी एक बुटकी पेटी झाली. त्यांचा कळफलक बोटांना अपुरा, वेग मंद. २७ जानेवारी २०१० रोजी सॅन फ्रान्सिस्को येथे स्टीव्ह जॉब्स यांनी आयपॅड दाखवताना याच उणिवांवर बोट ठेवले. त्या पाटीचे वजन दीड पौंड आणि किंमत चारशे नव्याण्णव डॉलर. के याचे दोन्ही आकडे, दोन पौंड आणि पाचशे डॉलर, अडतीस वर्षांनी साधले! (पैशाचे मोल मध्यंतरी किती घसरले ते मात्र हिशेबात धरावयास हवे.) बुटक्या पेट्या २०१३ पर्यंत बाजारातून उठल्या. पण के समाधानी झाला नाही. त्याची तक्रार अशी की, या पाटीवर मूल जगातले सगळे पाहू शकते. स्वतःची कृती रचून दुसऱ्या मुलाच्या हाती मोकळेपणाने देणे मात्र तिच्या घडणीतच नाही.

आता आपल्या देशाकडे वळू. ३ फेब्रुवारी २००९ रोजी तिरुपतीला दहा डॉलरांच्या पेटीचा गाजावाजा झाला; पाहतात तो ती पेटी नव्हेच, माहिती साठवण्याचे एक उपकरण! पुढे २०१० च्या जुलैत पस्तीस डॉलरांच्या पाटीचा नमुना दाखवण्यात आला, आणि ५ ऑक्टोबर २०११ रोजी ‘आकाश’ अवतरली. सात इंचांचा पडदा, पण तो स्पर्शाने नव्हे, दाबल्याने चाले, वेग बेताचा, विजेरी दोन-तीन तासांत मान टाकी. सुधारलेली दुसरी आवृत्ती नोव्हेंबर २०१२ मध्ये आली आणि ती पुष्कळ बरी होती. पहिल्या एक लाख पाट्यांची मागणी पुरी होता होता २०१३ साल उजाडले, आणि पुढे ती योजना विरून गेली. किंमत आधी ठरवावयाची आणि तीत बसेल ते यंत्र मागाहून शोधावयाचे, हा क्रम उलटा होता असे मला वाटते. घरातही पुष्कळदा आपण तेच करतो.

राज्यांनी निराळा रस्ता धरला. तमिळनाडूने १५ सप्टेंबर २०११ पासून सरकारी व अनुदानित शाळांतील वरच्या वर्गांना पेट्या दिल्या आणि त्या लाखांनी वाटल्या. उत्तर प्रदेशात तर हा आपलाच घरगुती प्रश्न निवडणुकीच्या जाहीरनाम्यात आला : २०१२ साली दहावी झालेल्याला पाटी आणि बारावी झालेल्याला पेटी, असे आश्वासन. मार्च २०१३ पासून सुमारे पंधरा लाख पेट्या वाटल्या गेल्या. पाट्या मात्र बारगळल्या. २०२१ च्या डिसेंबरात त्याच राज्यात दुसऱ्या सरकारने पाट्या आणि स्मार्टफोन वाटावयास घेतले. आणि यात केवळ आपणच गोंधळलो असे समजू नये. लॉस एंजेलिसच्या शाळाखात्याने २०१३ साली प्रत्येक विद्यार्थ्याला आयपॅड देण्याचा घाट घातला. काही आठवड्यांतच मुलांनी त्यावरची बंधने चुकवली, हे एक वेळ मुलांचे कौतुकच; पण परीक्षेत उत्तरे लिहावयाची तर कळफलक लागतो, आणि तो वेगळा विकत घ्यावा लागेल, हे मागाहून ध्यानात आले. दुसऱ्या वर्षी काही शाळांना पेट्या निवडण्याची मोकळीक द्यावी लागली.

या सबंध हकिकतीत निवडणारा एक आणि वापरणारा दुसरा. मार्च २०२५ मध्ये तमिळनाडूच्या अर्थसंकल्पात महाविद्यालयीन विद्यार्थ्यांसाठी पुन्हा अशी योजना जाहीर झाली तेव्हा पेटी की पाटी हे विद्यार्थ्याने ठरवावे असे म्हटले होते. एवढी साधी गोष्ट सुचावयास बराच काळ जावा लागला.

मग घरात काय करावे? आज दोन्ही वस्तू एकमेकींकडे सरकल्या आहेत. आयपॅडला २०१५ पासून कंपनीनेच कळफलक आणि लेखणी दिली. पुष्कळ पेट्यांना स्पर्शाचा पडदा आला. तरीही ग्रिडची ती जुनी वाटणी डोळ्यांपुढे ठेवावी. चौथी-पाचवीपर्यंतचे मूल, गोष्टी वाचणारी आजी, भजने ऐकणारे आजोबा यांना पाटीच सोयीची : हलकी, विजेवर दिवसभर पुरणारी, खाटेवर पडूनही धरता येणारी. अक्षर मोठे करावयास दोन बोटे पुरतात, आणि आजीच्या दृष्टीने हा गुण लहान नव्हे. आठवी-नववीपासून मात्र मुलाला प्रकल्प लिहावा लागतो, कोष्टके मांडावी लागतात, कोणी आज्ञावली शिकू लागते. तेथे पाटी अपुरी पडते. मुलगा पाटीवर लिहितो खरा, पण आखूड लिहितो. चार ओळींत उरकण्याची सवय लागलेली वही तपासताना ध्यानात येते. तेव्हा पैसे एकाच वस्तूपुरते असतील आणि घरात आठवीच्या पुढचे मूल असेल, तर मी पेटीच्या बाजूने कौल देईन. मुलीच्या शिक्षणाची पाळी आली की ‘तिला टॅब पुरे’ असे म्हणणारी घरे मी पाहिली आहेत. तिलाही लिहावयाचेच आहे. पेटीवर चौघांची चार निराळी खाती उघडता येतात, हाही लाभच. बंगळूरच्या शास्त्रज्ञांनी ‘सिम्प्युटर’ हे हातात मावणारे यंत्र योजले, तेव्हा गावात एक यंत्र आणि प्रत्येकाचे आपापले कार्ड, असा विचार केला होता. आपल्या दिवाणखान्यात तोच विचार लागू आहे.

स्वस्त पेटी घेताना मात्र नुसत्या किमतीला भुलू नये. विंडोज ११ चालावयास निदान चार जीबी स्मृती आणि चौसष्ट जीबी साठवण लागते. निदान म्हणजे कशीबशी. आठ आणि दोनशे छप्पन असेल तर यंत्र तीन वर्षे शांतपणे चालेल. स्वस्त पेट्यांत पुष्कळदा स्मृती आतल्या फलकालाच डाखलेली असते, मागाहून वाढवता येत नाही. हे आधी विचारावे. जुनी पेटी कोणी कमी भावात देत असेल, तर तीवर विंडोज ११ चालते का ते पाहावे, कारण विंडोज १० ची नेहमीची देखभाल १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली. पाटी घ्यावयाची तर कंपनी तिला किती वर्षे सुधारणा पुरवणार ते विचारावे, आणि कळफलकाची व आवरणाची किंमत बेरजेत धरावी. ही बेरीज कधी कधी सरळ पेटीच्या भावाला जाऊन टेकते.

आणखी एक. दुकानात मुलाला बरोबर न्यावे आणि दोन्ही यंत्रांवर त्याला दहा ओळी मराठी लिहावयास लावावे, जोडाक्षरांसकट. दुकानदार कुरकुर करील; म्हणून धनत्रयोदशीच्या गर्दीत न जाता चार दिवस आधी, सकाळी दुकान उघडता उघडता जावे.