‘पाणी लावू नका’ या सूचनेची कुळकथा

कॅन्सरसाठी रेडिएशन सुरू झाले की ‘त्या जागेला पाणी लावू नका’ ही सूचना आजही अनेक रुग्णांना मिळते. मग काही आठवडे छाती, मान, काख कोरडीच. ही सूचना अडाणीपणातून आलेली नाही. तिच्यामागे एके काळी खरे कारण होते. १८९५ च्या अखेरीस राँटगेनने क्ष-किरण शोधले आणि वर्षभरातच कातडी भाजल्याच्या, केस गळल्याच्या तक्रारी येऊ लागल्या. किरण मोजायला सर्वमान्य एकक नव्हते. कातडी लाल होईल इतके किरण म्हणजे एक मात्रा, असा हिशेब चाले; मोजायचे साधन म्हणजे रुग्णाची त्वचाच. ‘राँटगेन’ हे एकक १९२८ मध्ये स्टॉकहोमच्या परिषदेत मान्य झाले, पण त्याने कातडी वाचली नाही. त्या काळच्या दोन-अडीचशे किलोव्होल्टच्या यंत्रांचा सर्वाधिक मारा त्वचेवरच होई. खोलवरच्या गाठीपर्यंत पोचायचे तर वरची कातडी सोलवटणारच. तिला साबणाने चोळणे धोक्याचे, जस्तासारखा धातू असलेल्या पावडरी-मलमांनी मात्रा वाढण्याची भीती, शिवाय शाईच्या खुणा पुसल्या तर नेम चुकायचा. तेव्हा पाणी बंद केले गेले ते काळजीपोटीच.

१९५१ मध्ये कॅनडात कोबाल्ट-६० च्या यंत्रांवर उपचार सुरू झाले आणि चित्र पालटले. या किरणांचा जोर त्वचेखाली सुमारे अर्ध्या सेंटिमीटरवर सर्वाधिक असतो. आजच्या ६ एमव्हीच्या लिनिअर अ‍ॅक्सिलरेटरमध्ये तो सुमारे दीड सेंटिमीटर आत जातो. सूचनेचे मुख्य कारण सरले, सूचना मात्र टिकली. पाण्याने खरेच नुकसान होते का, हे नीट तपासायला १९९२ साल उजाडले. कॅम्बेल आणि इलिंगवर्थ यांनी स्तनावर किंवा छातीवर रेडिएशन घेणाऱ्यांचे गट पाडून पाहिले, तेव्हा धुणाऱ्यांची त्वचा अधिक बिघडली नाही. २००१ मध्ये क्यूबेकमधील ९९ स्त्रियांच्या चाचणीत कातडी ओली होऊन सोलण्याचे प्रमाण न धुणाऱ्यांत ३३ टक्के, तर साबण-पाण्याने धुणाऱ्यांत १४ टक्के निघाले.

यावर कोणी म्हणेल, या चाचण्या लहान आणि थंड हवेच्या देशांतल्या. लहान आहेत खऱ्या. पण बंदीच्या बाजूने एवढाही पुरावा नाही. आणि आपल्या दमट उन्हाळ्यात स्तनाखालच्या वळीत, काखेत घाम साचून जंतू वाढतात, तेव्हा इथे धुण्याची गरज जास्तच. खुणांचा आक्षेप रास्त आहे, पण अनेक ठिकाणी आता गोंदणाचे ठिपके असतात. शाई असेल तिथे तेवढी जागा सांभाळावी. काही रुग्णांत त्वचेलाच मुद्दाम पुरेशी मात्रा द्यावी लागते, तिथे कातडी हुळहुळी होणारच. म्हणून हात हलका हवा, पाणी वर्ज्य नव्हे. कोमट पाणी, सौम्य साबण, तळहाताने अलगद धुणे, मऊ पंचाने टिपून घेणे. घासणी नको, गरम पाणी नको. कातडी फुटून पाणी सुटू लागले तर मात्र घरगुती लेप न लावता त्याच दिवशी परिचारिकेला दाखवावे. न चिकटणारी पट्टी लावायची असते आणि चिकटपट्टी त्या कातडीवर लावायची नसते.

म्हणून रेडिएशनच्या पहिल्याच दिवशी विभागात विचारा, ‘आंघोळ कशी करू?’ नुसते ‘करू नका’ असे उत्तर आले, तर कारणही विचारा.