शर्ली, एव्हलिन आणि आमचा हजेरीपट

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या गावच्या वाचनालयात इंग्रजी कादंबरीवर चार शब्द बोलण्याचा प्रसंग माझ्यावर आला. माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे आणि इंग्रजी शब्दकोशाच्या काठीने चालणारे. पण कादंबऱ्या लिहितो म्हटल्यावर लोकांना वाटते, याला सगळेच ठाऊक असणार. मलाही ते खोडून काढवले नाही. बोलण्याच्या भरात एव्हलिन वॉ यांचा उल्लेख मी ‘या बुद्धिमान लेखिकेने’ असा केला. पहिल्या रांगेत बसलेले एक निवृत्त हेडमास्तर शांतपणे म्हणाले, ‘‘गुरुजी, या बाई सात मुलांचे वडील होत्या!’’

सभा हसली, मीही हसलो. पुढे 2016 साली ‘टाइम’सारख्या अमेरिकन साप्ताहिकाने लेखिकांच्या यादीत याच वॉसाहेबांना बसविल्याचे वाचले, तेव्हा थोडे समाधान वाटले. पण त्या सभेपासून एक खोड लागली. इंग्रजांची जी नावे पुरुषालाही चालतात आणि बाईलाही, ती दिसली की त्यांची वंशावळ शोधत बसायचे.

एव्हलिनचीच घ्या. 1066 साली नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकले. त्यांच्याबरोबर ‘अ‍ॅव्हलिन’ हे नाव आले, आणि ते बायकांचे होते. त्या नावावरून पुढे आडनाव पडले. त्या आडनावाचे सतराव्या शतकात मुलग्याचे नाव झाले, आणि अलीकडच्या काळात ते पुन्हा मुलींकडे गेले. म्हणजे लेक सासरी गेली, नातवाच्या रूपाने परतली आणि शेवटी पुन्हा लेक झाली! वॉ यांनी 1928 साली जिच्याशी लग्न केले तिचेही नाव एव्हलिनच होते. मित्रमंडळी ‘तो एव्हलिन’ आणि ‘ती एव्हलिन’ म्हणून वेळ निभावून नेत.

आता वाचक विचारतील, आडनावाचे नाव होतेच कसे? याचे उत्तर जमीनजुमल्यात आहे. इंग्रज स्त्री लग्न झाले की माहेरचे आडनाव टाकते. माहेरी मुलगा नसला तर ते आडनावच बुडायचे. मग ते मुलाच्या पाळण्यात घालण्याची रीत मोठ्या घराण्यांतून पडली. 1553 साली नऊ दिवस राणी म्हणविलेल्या लेडी जेन ग्रेच्या नवऱ्याचे नाव गिल्डफर्ड डडली. यातले गिल्डफर्ड हे त्याच्या आईचे माहेरचे आडनाव. आडनावाला लिंग नसते. पण वारसा मुलाचा, म्हणून असे नावही मुलाचेच ठरले.

ही चौकट एका कादंबरीने मोडली. शार्लट ब्राँटी हिची ‘शर्ली’ 1849 साली प्रसिद्ध झाली. शर्ली हे मुळात गावाचे नाव. झाडीतील उजेडाची मोकळी जागा, असा त्याचा अर्थ सांगतात. गावावरून आडनाव आले. कादंबरीतल्या शर्लीच्या आईबापांना मुलगा हवा होता, झाली मुलगी. तेव्हा मुलासाठी योजलेले घराण्यातले पुरुषी नाव त्यांनी मुलीलाच देऊन टाकले. ही शर्ली मोठेपणी जमीनदारीण होते, कारभार पाहते आणि स्वतःला थट्टेने ‘कॅप्टन’ म्हणवून घेते. शार्लटने तिच्यात आपली बहीण एमिली पाहिली होती. कादंबरी लिहून होत असताना 1848च्या सप्टेंबरात भाऊ गेला, डिसेंबरात एमिली गेली आणि 1849च्या मे महिन्यात धाकटी अ‍ॅन गेली. आठ महिन्यांत घर रिकामे झाले. त्या रिकाम्या घरात बसून तिने पुस्तक पुरे केले.

आणि त्या पुस्तकावर लेखिकेचे नाव कुठे होते? तेथे होते ‘करर बेल’. 1846 साली तिन्ही बहिणींनी कवितासंग्रह काढला तेव्हाच करर, एलिस आणि अ‍ॅक्टन अशी नावे घेतली होती. सरळ पुरुषाचे नाव घेणे त्यांच्या मनाला पटेना. बाई म्हणून पुढे यावे, तर टीकाकार पुस्तकाऐवजी बाईलाच तोलणार. तेव्हा ना पुरुषाचे ना बाईचे, असे नाव हवे होते. आज हौसेने ठेवतात तसले नाव त्या बहिणींनी अंगावर पांघरूण घ्यावे तसे घेतले होते.

‘शर्ली’नंतर हे नाव मुलींकडे वळले. पुढे 1928 साली जन्मलेली शर्ली टेंपल बालपणीच पडद्यावर झळकली आणि घरोघरी शर्ली झाल्या. मुलगे मात्र त्या नावातून उठून गेले. अ‍ॅशलीची तीच कथा. 1939च्या ‘गॉन विथ द विंड’ या चित्रपटात अ‍ॅशली नावाच्या पुरुषाची भूमिका लेस्ली हॉवर्ड या नटाने केली. तेव्हा दोन्ही नावे पुरुषांना शोभत होती. 1991 आणि 1992 साली मात्र अमेरिकेत नवजात मुलींच्या नावांत अ‍ॅशली पहिल्या क्रमांकावर होते.

अशी नावे बहुधा पुरुषांकडून बायकांकडे जातात. उलट वाट क्वचित. कारण शोधायला लांब जायला नको. आपल्याकडे लाडक्या लेकीला ‘आला का माझा राजा’ म्हणतात, त्यात तिचा मान वाढतो असे वाटते. मुलाला कोणी ‘बायल्या’ म्हटले तर मारामारी होते. मुलीने मुलाचे नाव घेतले की ती वर चढली, मुलाने मुलीचे घेतले की तो खाली आला, हा हिशेब यॉर्कशरातही तोच आणि आमच्या आळीतही तोच.

आता जे सांगायचे आहे ते सांगतो. शर्लीच्या आईबापांची ती हकीकत वाचताना मला माझ्या वर्गातली एक मुलगी आठवली. चार बहिणींतली शेवटची. हजेरीपटावर नाव होते नकुशी. इंग्रज बापाने निदान आपली निराशा चांगल्या नावात गुंडाळली. आमच्या बापाने निराशाच नाव म्हणून लिहून दिली. 2011 साली सातारा जिल्ह्यात अशा 285 मुलींना समारंभाने नवी नावे देण्यात आली. ही मुलगी त्याआधीच शाळा सोडून गेली होती.

एव्हलिनसाठी मी चार कोश चाळले. नकुशीसाठी एकही चाळावा लागला नसता. अर्थ उघडाच होता. तरी वर्षभर रोज सकाळी मी ते नाव मोठ्याने वाचले, आणि ती उभी राहून ‘हजर’ म्हणाली. तुला दुसऱ्या कोणत्या नावाने हाक मारू, असे एकदा विचारायला हवे होते. मी विचारले नाही.