पद्मिनीचा पत्रा कोणी जपला?

मुंबईच्या काळ्या-पिवळ्या ‘प्रीमियर पद्मिनी’ टॅक्सीचा प्रवास ३० ऑक्टोबर २०२३ला अधिकृतपणे संपला. शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची नोंदणी २९ ऑक्टोबर २००३ला ताडदेवच्या आरटीओत झाली होती आणि शहरात टॅक्सीची वयोमर्यादा २० वर्षांची आहे. त्या दिवसांत आठवणींचे बरेच लेख आले. त्यांत कंपनी होती, चालक होते, हिंदी सिनेमा होता. एक साधा प्रश्न मात्र मला फारसा कुठे दिसला नाही. खाऱ्या हवेच्या, चार महिने पावसात भिजणाऱ्या शहरात पातळ पत्र्याची ही गाडी इतकी वर्षे टिकली कशी?

उत्तरासाठी थोडे मागे जावे लागेल. सोलापुरात जन्मलेले उद्योगपती वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली. कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यात इटलीच्या फियाटशी करार करून मोटारी तयार होऊ लागल्या. १९६४ साली ‘फियाट ११०० डिलाइट’ आली. तिचेच नाव पुढे ‘प्रेसिडेंट’ आणि सत्तरच्या दशकात ‘पद्मिनी’ झाले. तो परवान्यांचा काळ होता. नव्या गाडीसाठी वर्षानुवर्षे थांबावे लागे आणि परदेशी गाडी आणणे जवळपास अशक्य होते. त्यामुळे पत्रा सडला म्हणून गाडी भंगारात काढणे परवडत नसे. ती दुरुस्तच करावी लागे.

या दुरुस्तीत एक मोठी अडचण होती. जुन्या मोटारींत खाली वेगळी चौकट असे आणि बॉडी तिच्यावर बसवलेली असे. फियाट ११००ला अशी वेगळी चौकट नाही. तळ, दरवाज्याखालच्या पोकळ पट्ट्या, खांब आणि छत मिळूनच तिचा सांगाडा होतो. म्हणून तिच्यावर चढलेला गंज केवळ रंगरूप बिघडवत नाही, हाडे पोखरतो. पाण्याची वाटही ठरलेली असते. दरवाज्याच्या तळाची भोके मातीने बुजतात, ओल्या पायपोसाखाली तळ कुजतो, चाकांच्या कमानीत चिखल साठतो. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापतो, त्यामुळे रंगाला फोड येतो. बाहेर फोड दिसेपर्यंत आतला पत्रा बहुधा गेलेला असतो.

हे काम ज्यांच्या हातून झाले त्यांना आपण डेंटर-पेंटर म्हणतो. मुंबईच्या गॅरेजांत या कारागिरांमध्ये मुसलमानांची संख्या मोठी राहिली आहे. इतर समाजांचेही लोक त्यात होते आणि आहेत. शाळा नाही, पुस्तक नाही. पोरगा वॉटर पेपर घासण्यापासून सुरुवात करायचा आणि उस्तादाच्या हाताकडे पाहून हातोडी धरायला शिकायचा.

त्या हातांना काय येत होते? पहिली परीक्षा कानाची. हातोडीने ठोकत गेले की चांगला पत्रा खणखणतो आणि सडलेला बद्द वाजतो. मग कापणी. गंज दिसतो तेवढाच भाग काढून चालत नाही, चकचकीत निरोगी धातू लागेपर्यंत मागे जावे लागते. दरवाज्याखालची पट्टी कापायची तर आधी गाडीला नीट टेकू द्यावा लागतो आणि दरवाज्याची चौकट आतून ताणून धरावी लागते. नाही तर सांगाडा खचतो आणि दरवाजा पुन्हा कधी नीट लागत नाही. पुठ्ठ्यावर माप काढून त्याच जाडीचा नवा पत्रा कापायचा, ठोकून त्याला मूळ वळण द्यायचे. वेल्डिंग सलग करायचे नाही. एक टाका इथे, दुसरा लांब तिथे, मध्ये थंड होऊ द्यायचे. कारण पातळ पत्रा उष्णतेने वाकतो. शेवटी सांधा घासायचा, रेड ऑक्साइड लावायचे, गरजेपुरती पातळ लांबी भरायची आणि मग रंग.

दुसरा मार्गही होता आणि तो स्वस्त होता. गंजावरच जाड लांबी थापायची आणि वर चकाकता रंग मारायचा. गाडी विकायची असेल तर हा मार्ग हमखास वापरला जाई. एक-दोन पावसाळ्यांत फोड पुन्हा वर येत, तोवर खालचा पत्रा आणखी खाल्लेला असे.

इंग्लंडमध्ये याच अडचणीवर वेगळा उपाय निघाला. ‘एमजीबी’ या लोकप्रिय गाडीचे मूळ साचे शोधून ‘ब्रिटिश मोटर हेरिटेज’ने १९८८पासून तिची संपूर्ण नवी बॉडी विकायला काढली. आपल्याकडे बहुतेकदा हातोडी हाच साचा होता.

आता हाच प्रश्न कायद्याच्या रूपाने समोर आला आहे. केंद्र सरकारने जुलै २०२१मध्ये विंटेज वाहनांसाठी नियम केले. ५० वर्षांहून जुनी, मूळ रूपात जपलेली आणि चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार न झालेली गाडी त्यात बसते. सुरुवातीच्या पद्मिनी आता या वयाला पोहोचल्या आहेत. मूळ रूप जपण्याची अट रास्तच आहे. पण मुंबईत पन्नास पावसाळे काढलेल्या गाडीचे मूळ रूप आपोआप टिकत नाही. बहुधा कोणीतरी सडलेला तुकडा वेळेवर कापला, म्हणून बाकीचा मूळ पत्रा वाचलेला असतो. ठिगळ हा अस्सलपणावरचा डाग नाही. नीट लावलेले ठिगळ हाच अस्सलपणा टिकल्याचा पुरावा आहे.

गाडीच्या कागदावर कंपनीचे नाव असते, मालकाचे असते, इंजिनाचा नंबरही असतो. कारागिराचे नाव कुठेच नसते. स्पर्धेत गाडीला बक्षीस मिळते तेव्हाही मंचावर मालकच जातो. आपल्या इतिहासात कष्टकऱ्यांची नावे अशीच गळत गेली. नंतर आपण म्हणतो की दस्तावेज नाहीत. दस्तावेज नसतात, कारण ते करणे कोणाला गरजेचे वाटत नाही.

ज्यांच्या घरी जुनी फियाट किंवा पद्मिनी आहे, त्यांना माझी एक विनंती आहे. पत्र्याचे काम काढाल तेव्हा कापण्याआधीचे आणि रंगाआधीचे फोटो घ्या. कोणता भाग बदलला आणि कधी बदलला, ते लिहा. काम करणाऱ्याला विचारून त्याचे नाव आणि त्याच्या उस्तादाचे नावही लिहा आणि तो कागद आरसी बुकासोबत ठेवा. रंग चढला की हे काम दिसेनासे होते. ते तसेच अपेक्षित असते, म्हणून तर ते लिहून ठेवायचे.