स्वप्न

स्वप्न (नपुं.) [सं. स्वप् = झोपणे]. झोपेत मनाला दिसणारे दृश्य वा प्रसंग; लक्षणेने, मनातली मोठी इच्छा. मूळ अर्थ मात्र नुसती झोप. ऋग्वेदात झोप आणि झोपेतले दिसणे या दोन्हींना हाच शब्द चाले. पुढे झोपेसाठी 'निद्रा' रूढ झाला. ग्रीक हिप्नोस (झोप), लॅटिन सोम्नुस (झोप) आणि लिथुआनियन सापनास (स्वप्न) ही याचीच भावंडे. गझलेतला फारसी 'ख्वाब'ही त्याच कुळातला. संस्कृतातला हा पुल्लिंगी शब्द मराठीत नपुंसकलिंगी झाला.

प्राकृतात सिविण, सिमिण, सुमिण अशी रूपे होती. बाराव्या शतकात हेमचंद्राने त्यांच्यासाठी व्याकरणात सूत्रच दिले. मराठीत ती टिकली नाहीत. आपले 'सपन', 'सपान' म्हणजे जोडाक्षर फोडून सोपे केलेले 'स्वप्न'च. मासवण, पालघर, बोईसर या पट्ट्यात त्याच्या शेजारी गुजराती 'सपनुं' आणि तारापूरच्या कारखान्यांतल्या कामगारांचे हिंदी 'सपना'ही नांदतात.

मराठीत अर्थ ठरतो तो क्रियापदावर. झोपेतले स्वप्न 'पडते', आणि ते 'मला' पडते. पाऊस पडावा तसे, त्यात माणसाचे कर्तृत्व नाही. इच्छेचे स्वप्न 'मी' पाहतो, रंगवतो, उराशी बाळगतो. (जुन्या मराठीत झोपेतले स्वप्नही 'देखिले' जाई, हा अपवाद.) 'मनी वसे ते स्वप्नी दिसे' या म्हणीत इच्छा मनातच असते, स्वप्न फक्त ती दाखवते. इच्छेलाच स्वप्न म्हणण्याची चाल बरीच अलीकडची. आता घरांच्या जाहिरातींनी तिचा पार चोथा केला आहे.

स्वप्नात देवाने वा गुरूने येऊन काही सांगितले, तर मराठी माणूस 'स्वप्न पडले' म्हणत नाही, 'दृष्टांत झाला' म्हणतो. संस्कृतात दृष्टांत म्हणजे दाखला. हा अर्थ मराठीने जोडला. तुकारामांना बाबाजी चैतन्यांनी स्वप्नात मंत्र दिला आणि संत बहिणाबाईंना तुकारामांनी स्वप्नातच उपदेश केला, असे त्या दोघांचे अभंग सांगतात. वसईच्या मोहिमेत (१७३७–३९) चिमाजी अप्पांना देवीचा दृष्टांत झाला, अशी वज्रेश्वरीची आख्यायिका आहे.

अन्य शब्द : दुःस्वप्न, स्वप्नाळू, स्वप्नरंजन, स्वप्नपूर्ती. यांपैकी शेवटचा बंगल्यांच्या पाट्यांवर सर्वाधिक आढळतो.